विठोबाच्या पाठीमागची गाडी

जुन्या कागदांची दुरुस्ती हा माझा धंदा. पुण्यात हे काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे संग्राहक मंडळी फिरून फिरून आमच्याकडेच येतात. त्यातले रेल्वेवाले सगळ्यात हळवे. तिकीट, टाइमटेबल, गार्डाचा कंदील, काहीही चालतं त्यांना. पण जुनं पोस्टर म्हटलं की माणूस जेवण सोडून उठेल.

असेच एक निवृत्त इंजिनिअर गेल्या जूनमध्ये दोन वस्तू घेऊन आले. एक पुठ्ठ्याच्या नळीतलं पोस्टर आणि दुसरी जुन्या चादरीत बांधलेली विठोबाची तसबीर. तसबिरीची नुसती काच तडकली होती. ती कुर्डुवाडीला राहणाऱ्या त्यांच्या मावशींची, आणि आषाढीच्या आत परत हवी होती. गृहस्थांचा सगळा जीव नळीत.

“ताई, फक्त सपाट करून द्या. फ्रेमला टाकायचंय.”

पोस्टर देखणं होतं. ताजमहाल, समोर पाणी, जांभळट आकाश, खाली ‘व्हिजिट इंडिया’. १९३०च्या दशकात इंडियन स्टेट रेल्वेजने परदेशी प्रवाशांसाठी अशी पोस्टरं काढली होती, त्यातलंच हे अस्सल, असं विकणाऱ्याने सांगितलेलं. किंमत त्यांनी सांगितली नाही, मीही विचारली नाही.

भिंग काढण्याआधी मी टेप लावते. त्या काळातलं रेल्वेचं नेहमीचं पोस्टर म्हणजे डबल रॉयल, २५ बाय ४० इंच. हे भरलं थेट ए-२. “कडा कापल्या असतील,” ते म्हणाले. असतीलही, पण कापणाऱ्याने नेमकं आजच्या प्रिंटरच्या मापात कापलं म्हणजे कमाल झाली. मग भिंग. त्या काळची पोस्टरं लिथोची, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेली. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा दगड किंवा जस्ताचा पत्रा असायचा. त्यावर चित्रकार चरबीच्या खडूने काढायचा, म्हणून रंग खरबरीत, दाणेदार उतरतो आणि दोन रंग कडेला थोडे एकमेकांवर चढतात. इथे आकाशाच्या जांभळ्यात निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत गोल करून बसले होते. ऑफसेट, म्हणजे फोटोवरून ठिपक्याठिपक्यांत केलेली छपाई. शेवटी खोलीतला दिवा मालवून अतिनील टॉर्च मारला, तर कागद धुतलेल्या शर्टासारखा निळा-पांढरा चमकला. कागदात ही चकाकणारी रसायनं घालायला लागले साधारण १९५०नंतर.

मी काही बोलले नाही, त्यांनीच टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ स्वतः मारून पाहिला. “माणूस बोलायला फार सज्जन होता हो,” एवढंच म्हणाले. अशा वेळी मी चहा मागवते.

चहा येईपर्यंत हाताला काम म्हणून तसबीर उघडायला घेतली. मागचे खिळे गंजलेले, पुठ्ठ्याला कसर लागलेली. पुठ्ठा आणि चित्र यांच्यामध्ये आणखी एक जाड कागद होता, कडेने खळ लावून पुठ्ठ्याला चिकटवलेला. हे नेहमीचंच, फ्रेमवाले हाताला येईल ते अस्तर म्हणून घालायचे. लग्नपत्रिका, नकाशे, सिनेमाची हँडबिलं, सगळं निघतं. शिकायला येणाऱ्या मुलीने टॉर्च आडवा धरला आणि म्हणाली, “ताई, याच्यावर इंजिन आहे.”

खळीत मोरचूद होतं. किडा लागू नये म्हणून बाइंडर घालायचे ते. कडा हिरवट पडल्या होत्या, आणि तांब्याने कागद खाऊन पार पापडासारखा केलेला. तिथे घाई केली की सगळा चुरा. मिथाइल सेल्युलोजचा घट्ट लेप पट्टी पट्टीने लावायचा, खळ फुगेपर्यंत थांबायचं, मग स्पॅचुला आडवा घालून मिलिमीटर मिलिमीटर पुढे जायचं. त्याआधी ओल्या कापसाच्या बोळ्याने रंग सुटतो का ते पाहिलं, सुटला नाही. लिथोची शाई तेलकट, पाण्याला दाद देत नाही.

संध्याकाळपर्यंत पोस्टरचा खालचा अर्धा भाग टीपकागदावर आला. वरचा अर्धा फ्रेमवाल्याने कापून टाकलेला. छोटंसं इंजिन, मागे डबे, टपावर गाठोडी. खाली मोडीच्या वळणाची आठवण करून देणारी हाताने काढलेली देवनागरी अक्षरं. आषाढी यात्रेच्या जादा गाड्या, कुर्डुवाडीला गाडी बदलावी अशी सूचना, आणि कोपऱ्यात रेल्वेचा नकाशा.

आता इंजिनिअरसाहेब चहा विसरले. कुर्डुवाडीला गाडी बदलायची, म्हणजे जी.आय.पी.ची, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाइन सोडून बार्शी लाइट रेल्वे धरायची. रुळांत अडीच फुटांचं अंतर असलेली ती छोटी रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बांधलेली, १८९७ला बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९०६ला पंढरपूरला पोहोचली. “नकाशात मिरज आहे का बघा,” ते जवळजवळ ओरडले. होतं. मिरजेचा फाटा १९२७चा. जी.आय.पी. हे नाव १९५१च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेत विरलं. युद्धाच्या वर्षांत तर रेल्वे गरज असेल तरच प्रवास करा म्हणून सांगत होती, जादा गाड्यांची जाहिरात कशाला करेल? म्हणजे १९२७ ते १९३९च्या आतबाहेर. टॉर्च मारला, कागद मेलेला, पिवळा, जराही चमक नाही. भिंगाखाली खडूचे दाणे.

मला त्याहून रस होता पाठीत. कडा सोडल्या तर मागे खळीचा डाग नव्हता. हे पोस्टर कुठल्याच भिंतीवर लागलेलं नाही. मावशींचे सासरे कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात होते, तेव्हा उरलेल्या गठ्ठ्यातून घरी आलं असणार. लंडनच्या भुयारी रेल्वेने आपली पोस्टरं लोकांना विकलीसुद्धा, म्हणून ती घरोघर जपली गेली. वारकऱ्यांसाठी मराठीत छापलेला कागद मुद्दाम कोण ठेवणार? जो भिंतीवर लागला तो पुढच्या आषाढीच्या कागदाखाली गेला.

यानंतर आमचं वाजलं. त्यांना वरचा अर्धा भाग कॉम्प्युटरवर तयार करून जोडून हवा होता, “म्हणजे बघताना पूर्ण वाटेल.” मी नाही म्हटलं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, त्याला कागदाच्या रंगाचा हलका हात, बस. वर काय होतं ते आपल्याला माहीत नाही. विठोबा असेल, नसेलही. “संग्रहात अर्धं पोस्टर कसं लावू?” “अर्धंच लावा.” तेवढ्यात मला आठवलं की कागद त्यांचा नाहीच, मावशींचा आहे.

त्यांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पोस्टर, १९२७, मिरजेचा फाटा, सगळं सांगून झालं. मावशींनी ऐकून घेतलं.

“ते तू ठेव रे. विठोबाला काच घातली का?”

काच एकादशीच्या चार दिवस आधी घातली, मागे आम्लरहित पुठ्ठा देऊन. अर्धं पोस्टर मायलरच्या, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात गेलं. आणि तो ताजमहाल? तो त्यांच्या हॉलमध्ये आहे. फ्रेमची ऑर्डर आधीच दिलेली होती.