एवढ्या मोठ्या वर्गाला गप्प कसं बसवता?

नवीन जॉइन झालेले लेक्चरर हे हमखास विचारतात, तुम्हीही विचारलंत म्हणून लिहूनच टाकते. मी त्यांना गप्प बसवतच नाही. 200 पोरांचा हॉल चिडीचूप असला की मला धाकधूक होते, कारण निम्मी फळ्यावरचं वहीत उतरवत असतात, बाकीची मोबाइलमध्ये, आणि लेक्चर काय मस्त चाललंय असं वाटणारी मी एकटीच.

मी फिजिक्स शिकवते. पंधरा-वीस मिनिटं झाली की थांबते आणि पर्याय देऊन एक प्रश्न टाकते. म्हणजे बघा, चेंडू सरळ वर फेकला, अगदी टोकाला पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? आकडेमोड काही नाही. आधी प्रत्येकाने आपापलं ठरवायचं नि मत द्यायचं, फोनवर पोल घ्या नाहीतर बोटांनी पर्याय दाखवायला सांगा, फक्त बोटं छातीशी धरायची, हात वर गेले की सगळे पुढच्या बाकावरच्या स्कॉलरकडे बघून ठरवतात. भरपूर पोरं शून्य म्हणतात, वेग शून्य झाला ना मग त्वरणही शून्य. इथे उत्तर सांगून टाकायचा जाम मोह होतो, तो आवरायचा. "शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा," एवढंच म्हणायचं, की दोन-तीन मिनिटं नुसता मासळीबाजार. मी बाकांमधून फिरत कान देते. "अगं शून्य असेल तर तो वरच लटकून राहील ना, खाली कशाला येईल!" हे ऐकू आलं की माझं काम झालं, पुन्हा मत घ्यायचं आणि मग बोलायचं की 9.8 आहे, खालच्या दिशेने, पूर्ण वेळ तेवढंच होतं.

आयडिया माझी नाही हां, हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1991 च्या सुमारास असं शिकवायला सुरुवात केली. त्यांचा ठोकताळा फार कामाचा आहे: पहिल्या फेरीत 30 टक्क्यांहून कमी बरोबर आले तर चर्चा नको, तुम्हीच परत समजवा, 70 च्या वर गेले तर पुढे सरका, मधे असले तरच एकमेकांत बोलू द्या. कारण उघड आहे, पटवणारंच कुणी नसेल तर चुकीचंच पसरणार.

आता तक्रारी. फीडबॅकमध्ये "मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात" येतंच. 2019 मध्ये हार्वर्डमध्येच फिजिक्सच्या वर्गांवर केलेला एक अभ्यास छापून आला, त्यात नुसतं लेक्चर ऐकलेल्या पोरांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, टेस्टमध्ये मात्र स्वतः डोकं लावलेल्यांना जास्त मार्क. छान बोलणारा शिक्षक ऐकला की सगळं समजल्यासारखं वाटतं, तेच. म्हणून हे मी पहिल्याच आठवड्यात वर्गाला सांगून टाकते, त्याने कुरकुर बंद होत नाही पण कमी होते.

आणि पोर्शन कसा संपवता, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. सगळा वर्गात संपवत नाही. व्याख्या, डेरिव्हेशनच्या सरळ पायऱ्या वगैरे घरून वाचून यायचं, आल्या आल्या त्यावर दोन-तीन सोपे प्रश्न, आणि त्याला थोडे का होईना मार्क ठेवाच, बिनमार्कांचं कोणी वाचून येत नाही.