नकाशा चोरलाय हे सिद्ध कसं करायचं

मी पुण्यात एका छोट्या जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करणाऱ्या कंपनीत नकाशे काढतो. मागे सरांनी टेबलावर दुसऱ्या एका प्रकाशकाचा ट्रेकिंगचा नकाशा आणून ठेवला आणि म्हणाले, बघ रे, हा आपलाच आहे का. सह्याद्रीचा तोच पट्टा होता, ज्याचा आमचा घडीचा नकाशा आधीपासून बाजारात आहे.

लोकांना वाटतं दोन नकाशे एकमेकांवर ठेवले, रस्ते जुळले की चोरी सिद्ध. अहो रस्ते जुळणारच, जमिनीवर रस्ता एकच आहे! त्यामुळे त्यांचा नकाशा स्कॅन करून जिओरेफरन्स केला, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवला, आमच्या नकाशाच्या थराखाली टाकला आणि आमचा नकाशा जिथे जमिनीशी जुळत नाही नेमकं तिथेच बघायला लागलो. कारण नकाशा काढताना आम्ही काही गोष्टी मुद्दाम सरकवतो. 1:50,000 ला, म्हणजे नकाशातला एक सेंटिमीटर जमिनीवर 500 मीटर, घाटातली सगळी वळणं मावत नाहीत, एकात एक घुसून नुसता काळा गोळा होतो, मग काही वळणं गाळायची, उरलेली जरा फुगवायची, आणि कुठली गाळायची हे काढणाऱ्याने ठरवायचं. एका घाटात मी ठेवलेली तेवढीच वळणं त्यांच्याकडेही होती. दुसरं म्हणजे एक धनगरवाडा. तिथे रस्ता, ओढा आणि तालुक्याची हद्द इतकी जवळजवळ आहेत की ठिपक्याला जागाच नव्हती, म्हणून मी तो दीड मिलिमीटर उत्तरेला सरकवला होता, म्हणजे जमिनीवर 75 मीटर. त्यांचा नकाशा 1:25,000 चा, तिथे भरपूर मोकळी जागा, सरकवायची काही गरजच नाही, तरी वाडा त्याच 75 मीटर उत्तरेला! मी खुर्चीतून उठलोच.

वकीलसाहेबांना हे एकदम पटलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नकाशा कलाकृतीत धरलाय, चित्र-शिल्पाच्या रांगेत, म्हणजे काय निवडलं, कसं काढलं याला संरक्षण. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेने असंच, रस्त्यांच्या जाडीसारख्या बारीक खुणांवरून ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनचालकांच्या संघटनेला पकडलं होतं आणि 2001 मध्ये 2 कोटी पौंडांवर तडजोड झाली.

पण सोबत मी घाटवाटांच्या नावांची यादी दिली होती, ती वकीलसाहेबांनी बाजूला ठेवली. नाव ही वस्तुस्थिती, त्यावर मालकी नाही, आणि नुसते कष्ट पुरत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय. हे मला अजून पचत नाहीये. ठिपका सरकवायला दोन मिनिटंही लागली नसतील, पण एकाच नाळेला, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून उतरणाऱ्या वाटेला, वरच्या गावात एक नाव आणि खालच्या गावात दुसरं, ते पक्कं करायला पूर्ण उतरून परत चढावं लागतं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागतं, आणि असल्या फील्डवर्कला खर्च मागितला की ऑफिसात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मग वाटतं, नावं तरी आमची कुठे, त्या वाडीतल्या माणसांचीच ना. ती कंपनीच्या मालकीची झाली तर उद्या तिथल्याच पोराला स्वतःच्या गावाचा नकाशा काढता येणार नाही.

त्यात त्या प्रकाशकाने एक वाहून गेलेला साकव काढून टाकलाय, जो आमच्या नकाशात अजून आहे, म्हणजे आम्ही सुधारणा केली असं ते म्हणू शकतात. 1785 मध्ये लंडनला सेयर विरुद्ध मूर म्हणून सागरी नकाशांचा खटला झाला होता, त्यात मूरने जुन्या नकाशातल्या चुका दुरुस्त केल्या होत्या. न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डनी ज्युरीला सांगितलं की राबणाऱ्याचं श्रेय जाऊ नये, पण सुधारणाही अडू नयेत, आणि निकाल मूरच्या बाजूने लागला. इथे मात्र एका साकवाने बाकीची नक्कल धुऊन निघते असं मला वाटत नाही.

सर म्हणाले पुढच्या आवृत्तीत एक खोटं पाण्याचं टाकं टाकू, मग सापडतीलच. मी स्पष्ट नाही म्हटलं. अमेरिकेत नकाशावाले अशा खोट्या गल्ल्या टाकायचे, 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने म्हटलं की जे खरं म्हणून दाखवलंत त्यावर, ते खोटं असलं तरी, हक्क नाही. आणि कोर्ट सोडा, एप्रिल-मेमध्ये कोणी रिकाम्या बाटल्या घेऊन त्या टाक्यापाशी पोचला तर?

नोटीस गेलीये, ठिपका आणि वळणं एवढ्यावरच. साकव मी आमच्या नकाशातूनही काढणार आहे, पण त्यांचं बघून नाही, पावसाळा संपला की ओढ्यापर्यंत जाऊन.