होळीला एक बैठक, दिवाळीला दुसरी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि धुळ्यात थंडीत कधी कधी १० च्याही खाली येतो. अशा हवेत बैठकीची खोली बारा महिने एकसारखी मांडून ठेवणं म्हणजे तिच्याशी भांडण. नवीन सामान लागत नाही. आहे तेच हलवायचं, थोडं कापड शिवायचं, थोडा चुना कालवायचा.

होळी झाली की आधी पश्चिमेची खिडकी बघा. दुपारनंतरचा सगळा ताप तिथून येतो. नुसता आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. म्हणून बाहेरून बांबूची चिक बांधा, नाहीतर धुतलेलं गोणपाट. आतला पडदा मांजरपाटाचा चालतो. ४ फूट रुंद, साडेचार फूट उंच खिडकीला ४८ इंची पन्ह्याचं ४ मीटर कापड घ्या, दोन पाट होतात. वरचा नेफा ४ इंच, खालची दुमड ४ इंच, खिडकीखाली ६ इंच लोंबतं. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवा. मांजरपाट चांगलंच आटतं, आणि आधी शिवलेला पडदा पहिल्याच धुण्यात खिडकीच्या वर चढतो. रॉड दोन्ही बाजूंना ६-६ इंच जास्त घ्या, नाहीतर कडेच्या फटीतून उन्हाची पट्टी थेट दिवाणावर येते.

कुलर खिडकीत, तोंड आत. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवंच. ‘गार हवा बाहेर जाते’ म्हणून सगळं बंद करणारे संध्याकाळी चिकट अंगाने बसलेले दिसतात: ओली हवा बाहेर गेली नाही तर कुलर गारवा देणं सोडतो. बोअरच्या जड पाण्याने गवतावर पांढरे क्षार बसतात, हवा अडते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाका. पाणी भरताना प्लग काढलेला हवा, बॉडी पत्र्याची असेल तर अर्थिंगही तपासून घ्या. प्लायवूडचं शोकेस कुलरच्या झोतात नको, कडा फुगतात. गालिचा गुंडाळून ठेवा, फरशी उघडी बरी. शोभेच्या वस्तूही पेटीत. वावटळीची धूळ रोज कोण पुसणार?

बैठकीवर स्लॅब असेल तर आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) वाट न बघता त्यावर चुना फिरवा. कळीचा चुना लोखंडी बादलीत रात्रभर विरवायचा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. तो फदफदून उकळतो, तेव्हा तोंड लांब ठेवा, पोरांना जवळ येऊ देऊ नका, आणि प्लास्टिकची बादली तर मुळीच नको. सकाळी फडक्यातून गाळून दुधासारखा पातळ करा, चिकटायला थोडं फेविकॉल घाला. स्लॅब झाडून ओला करा, संध्याकाळी दोन हात द्या. भर उन्हात दिलेला चुना तडकाफडकी वाळतो आणि पायाला भुकटी लागते.

खरी पंचाईत श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, घरात बसते, त्याआधी घराला रंग हवा, आणि भिंती तर ओल्या. अख्खी खोली रंगवू नका, कानबाई मांडणार ती एकच भिंत घ्या. आधी तिच्यावर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघा. आतून दव दिसलं तर भिंत ओली आहे. वर रंग दिलात तर दिवाळीपर्यंत पोपडे निघतील. तिथे चुनाच द्यावा, तो भिंतीचा श्वास कोंडत नाही. भिंत कोरडी निघाली तर १० बाय १० फुटांना दोन हातांसाठी २ लिटर रंग पुरतो. सोफा भिंतीपासून चार बोटं सरकवा, मागे बुरशी धरते. उघडीप मिळाली की लोड-गाद्या उन्हात टाका आणि ऊन उतरायच्या आत उचला, नाहीतर परत दमट.

थंडीचं काम सोपं. सूर्य दक्षिणेकडून खाली उतरून येतो, दिवाण दक्षिणेच्या खिडकीशी न्यायचा आणि चिक काढून ठेवायची. फरशीवर सतरंजी, दिवाणावर जुन्या लुगड्यांची गोधडी. गडद कापडाची बाजू उन्हाकडे नको, महिन्याभरात विटते.