तिसऱ्यांदा विचारल्यावर तिघांनाही कसं कळलं?

जोतिबाच्या डोंगरावरून गुलाल न लागता कुणी परत येत नाही, म्हणून चिखल लागलेल्या मुलांचं ते प्रसिद्ध कोडं मी कोल्हापुरी करून घेतलं. पाच पोरं, त्यातल्या तिघांच्या कपाळाला गुलाल. दुसऱ्याचं कपाळ दिसतं, स्वतःचं नाही, बोलायची बंदी. आजोबा सगळ्यांदेखत सांगतात, "निदान एकाला तरी गुलाल लागलाय." मग विचारतात, "स्वतःचं नक्की कळलं त्यानं हात वर करा." दोनदा विचारलं तरी सगळे गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिघांचेही हात एकदम वर.

थेट तिघांवर विचार करायला गेलं की डोकं गरगरतं. मी वहीत आधी एकच गुलालवाला घेतला. त्याला बाकी सगळी कपाळं कोरी दिसतात, म्हणजे तोच. पहिल्यालाच हात वर. मग दोघं. प्रत्येकाला एकच गुलाल दिसतो. 'मी कोरा असतो तर त्यानं पहिल्यांदाच हात वर केला असता. केला नाही, म्हणजे मलाही लागलाय.' इथं गप्प बसणं हीच माहिती झाली, आणि या कोड्यात मला सगळ्यात आवडलं ते हेच. तिघांसाठी तीच पायरी पुन्हा चढायची. मॅथेमॅटिकल इंडक्शन म्हणतात ते हेच. पुढं शंभर गुलालवाले घ्या, हात शंभराव्या वेळी वर होणार.

पण खरा पेच पुढंच होता. प्रत्येकाला गुलाल दिसतच होता, मग आजोबांनी नवीन काय सांगितलं? तिघांना अ, ब, क म्हणू. अ समजतो, 'समजा मी कोरा.' मग ब ला फक्त क चा गुलाल दिसेल आणि ब लाही वाटू शकेल, 'समजा मीही कोरा.' तसं असेल तर क ला एकही गुलाल दिसणार नाही. म्हणजे निदान एकाला लागलाय हे क ला माहीत आहे हे ब ला माहीत आहे, अशी खात्री अ ला देता येत नाही. आजोबांच्या एका वाक्यानं ही साखळी कितीही लांबवली तरी पक्की होते. सगळ्यांना माहीत, आणि ते सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना माहीत, अशा या सामायिक माहितीची गणिती व्याख्या गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ साली मांडली.

हे तपासायचं म्हणून रंकाळ्याच्या काठावर तिन्ही भाचरांना गुलाल लावला. एक आणि दोघांचा हिशोब त्यांच्याकडून आधीच घोटून घेतला होता. पहिल्या खेपेला ते वाक्य प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगितलं. कितीदा विचारलं तरी हात खालीच. मग तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. धाकटी दुसऱ्या प्रश्नानंतर दादांकडं टक लावून बघत बसली, आणि तिसऱ्याला तिघांचेही हात वर. "दादा दोनदा गप्प बसले की मामा," ती म्हणाली, "मी कोरी असते तर दुसऱ्यालाच त्यांनी हात वर केले असते!"