आमची वाटचाल : एका हातात एकच कुत्रा

कोथरूडमध्ये आम्ही कुत्री फिरवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा बहुतेकांच्या लेखी ते वॉचमनने जाता-येता उरकायचं काम होतं. कोपऱ्यापर्यंत न्यायचं, शी-शू झाली की परत आणायचं. काही ठिकाणी तर एकच मुलगा चार-पाच दोऱ्या मुठीत धरून ओढला जाताना दिसायचा. आम्हाला फोन यायचे तेही तसेच : "शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर आणि आमचा बीगल एकत्रच न्या, म्हणजे थोडं कमी लावाल." आम्ही मात्र एक नियम ठरवूनच उतरलो होतो. एका माणसाच्या हातात एका वेळी एकच कुत्रा. त्यामुळे आमचा दर चढा राहिला, सुरुवातीची कितीतरी कामं हातची गेली. नियम मात्र बदलला नाही, आणि का बदलला नाही ते सांगायलाच हवं.

तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने मांजर पाहून झेप घेतली, तर एका कुत्र्यालाही दोन्ही हात लागतात. शिवाय समोरच्या कुत्र्यावर चिडलेलं, पण दोरीमुळे त्याच्यापर्यंत पोचू न शकणारं कुत्रं तो राग शेजारच्या कुत्र्यावर काढतं, नाहीतर धरणाऱ्याच्या पायावर. त्या वेळी ते आपलं-परकं ओळखत नाही. दोन दोऱ्या एकमेकींत गुंतल्या की सोडवायला वाकणाऱ्याचा हातच आधी फाटतो.

आमचे पहिले दोन वॉकर सकाळी पेपर टाकणारी मुलं होती. त्यांना घेतल्याचं आजही समाधान वाटतं. पहाटे उठायची सवय, डहाणूकर कॉलनीपासून महात्मा सोसायटीपर्यंतची गल्ली न् गल्ली पाठ, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरची कुत्री त्यांना ओळखत होती. कुठल्या टपरीपाशी एका टोळीची हद्द संपते, कुठल्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झालीत, हे त्यांना ठाऊक असायचं. नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असं प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ सांगतात. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच केलेली ती कुत्री त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यावर भेटतात. त्यांच्याशी वैर घेऊन रोजचं फिरणं चालत नाही. दगड उचलायचा नुसता आव आणला तरी ती मागे सरतात, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस लांबून दिसला तरी भुंकायला लागतात. आमची मुलं थांबतात, आपल्या कुत्र्याला मागे घेऊन स्वतः मध्ये उभी राहतात, पळत नाहीत, डोळ्याला डोळा भिडवत नाहीत आणि हळूहळू आल्या वाटेने मागे सरकतात.

या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट : अंतर. प्रत्येक कुत्र्याचं आपलं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडे दुसरं कुत्रं दिसलं तर ते बघतं आणि सोडून देतं, अलीकडे आलं की भुंकतं, झेपावतं. मग त्याला काहीही शिकवता येत नाही. झेपेच्या आधी खुणा दिसतात. झोप आलेली नसताना जांभई, ओठांवरून फिरणारी जीभ, वळवलेलं तोंड, डोळ्याच्या कडेला दिसणारं पांढरं, ताठ झालेलं अंग. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असं धरून चालायचं नाही. उंच, ताठ शेपटीची ती जलद थरथर पुष्कळदा इशारा असतो. खूण दिसली की आमचा वॉकर रस्ता ओलांडतो किंवा मोठा वळसा घेतो, आणि कुत्रं त्याच्याकडे बघताच पनीरचा नाहीतर उकडलेल्या चिकनचा तुकडा देतो. दोरीला हिसका देऊन ओरडलं, तर समोर कुत्रं आलं की मान दुखते एवढंच ते शिकतं, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर भुंकतं.

२०२० च्या टाळेबंदीनंतर या कामाचा कस लागला. पिल्लाची जगाशी ओळख व्हायचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातला. त्या वर्षी घरी आणलेल्या कितीतरी पिल्लांचा तो काळ चार भिंतींतच गेला. पुढे ऑफिसं उघडली, घरची माणसं बाहेर पडली आणि रिक्षा, शाळेची मुलं, हेल्मेट घातलेला माणूस, सगळ्यालाच घाबरणारी मोठाली कुत्री आमच्याकडे आली. त्यातल्या एका जर्मन शेफर्डला आम्ही कितीतरी दिवस फक्त सोसायटीच्या फाटकाच्या आत बसवून रस्ता बघू दिला. मालकांनी विचारलं, "पैसे फिरवायचे घेता ना?" आम्ही समजावलं, त्यांनी धीर धरला, आणि आता तो गांधी भवनाच्या बाजूला शांतपणे फिरतो.

साधनांबाबत आम्ही हट्टी आहोत. आत गुंडाळली जाणारी लांब दोरी आम्ही वापरत नाही. तिला ऐन वेळी आवर बसत नाही आणि बारीक दोरीने हात कापतो. पाच-सहा फुटांची जाड दोरी, छातीवरून जाणारा हार्नेस आणि घाबरट कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याशी दुसरी जोडणी. गणपतीत ढोल-ताशा आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की ही दुसरी जोडणी सगळ्याच कुत्र्यांना. मुस्कं लागलंच तर पिंजऱ्यासारखं, ज्यात तोंड उघडून धापता आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून टाकणारं कापडी मुस्कं फिरताना घालणं धोक्याचं आहे, कारण कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापूनच बाहेर टाकतं. एप्रिल-मे महिन्यांत पंजाखालचा डांबरी रस्ता आधी हाताच्या पाठीने पाहतो. सात सेकंद हात ठेववत नसेल तर फिरणं पुढे ढकलतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हं वर यायच्या आत घरी पोचवतो. पावसात डबक्यांपासून लांब, कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, आणि विजेच्या खांबांपासून, डीपीच्या पेट्यांपासून त्याहून लांब.

"काही करत नाही हो तो!" हे वाक्य आमच्या वॉकरने कुणालाही ऐकवायचं नाही. ज्याला भीती वाटते त्याची भीती खरीच आहे. पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत आहे. तरीही लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर आम्ही पुढची लिफ्ट घेतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे प्रत्येक नव्या वॉकरला पहिल्याच दिवशी सांगतो. त्यालाच आधी रेबीजची प्रतिबंधक लस देतो, आणि चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन थेट दवाखाना गाठायचा, हे पाठ करून घेतो. कुत्र्याचं लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय काम घेत नाही.

पावसाळा संपला की वारज्यात सुरुवात करतोय. तिथली मुलं निवडून झालीत. पहिले काही आठवडे ती कुत्रं न घेताच सकाळ-संध्याकाळ रस्ते चालतील, टोळ्यांच्या हद्दी वहीत उतरवतील, खाऊ घालणाऱ्या ताई-दादांशी ओळख करून घेतील. नावनोंदणी त्यानंतरच उघडू.