तोलासाठी व्हिडिओ गेम, माझा अनुभव

मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, यात मेंदूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि निरोप नीट पोचत नाहीत. माझा चालताना डावीकडे झोक जायचा, अंधारात तर भिंत धरल्याशिवाय बाथरूमपर्यंत जाता यायचं नाही. फिजिओ चालूच होती, मॅडमच म्हणाल्या घरी जोडीला निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीचा वी बॅलन्स बोर्ड, म्हणजे ज्यावर उभं राहून गेम खेळतात ती फळी, वापरून बघा. भावाने पुण्याहून जुना सेट मिळवून दिला.

बोर्डाच्या चारही कोपऱ्यांत सेन्सर असतात, आपला भार कुठे पडतोय ते टीव्हीवर टिंबासारखं दिसतं. मला वाटायचं मी अगदी सरळ उभी आहे आणि टिंब खुशाल डावीकडे! टेबल टिल्ट नावाच्या गेममध्ये अंग झुकवून गोळ्या भोकात पाडायच्या, सुरुवातीला सगळ्या खालीच पडायच्या, सासूबाई मागे खुर्ची धरून उभ्या, "हळू वं माय, हळू". मग हळूहळू तळपायाला कळायला लागलं की भार कुठे आहे, टिंब न बघताही.

मेंदूत काय होतं ते वाचलं तेव्हा खूप धीर आला. रोमच्या संशोधकांनी एमएसच्या २७ पेशंटना १२ आठवडे घरी हेच खेळायला लावलं, आधी आणि नंतर एमआरआय काढले, २०१४ ला रेडिऑलॉजी जर्नलमध्ये ते छापून आलं. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला बाकी मेंदूशी जोडणाऱ्या तंतूंमध्ये सुधारणा दिसली आणि ती तोलातल्या सुधारणेशी जुळत होती. म्हणजे एवढ्या आजारातही मेंदू शिकतो! पण खेळणं थांबवल्यावर पुढच्या १२ आठवड्यांत फायदा टिकला नाही, म्हणून मी खंड पडू देत नाही.

खरा त्रास आपल्या भुसावळच्या उन्हाळ्याचा. एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात, मे महिन्यात दुपारी पाय अक्षरशः ऐकत नाहीत, त्यात लाईट गेली की कूलरही बंद. त्यामुळे पहाटेच, ऊन यायच्या आत उरकते.

आता रात्री बाथरूमला एकटी जाते, भिंतीला हात लागतो पण धरावी लागत नाही. कुणाला करायचं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओला विचारा, पहिले काही दिवस मागे माणूस हवाच. आणि जुना घेत असाल तर वी कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) आणि गेमची सीडी सोबत आहे ना बघून घ्या, नुसत्या बोर्डावर गेम चालत नाही, आणि बोर्डाला ४ पेन्सिल सेल लागतात.