तुम्ही विचारलंत म्हणून: पणजोबा कुठल्या पलटणीत होते?

‘हा आमच्या पणजोबांचा फोटो. मिलिटरीत होते, बसऱ्याला गेले होते, एवढंच घरात माहीत आहे. पलटण कुठली, हुद्दा काय, सांगता येईल का?’ ब्रिटिश काळातल्या लष्करी गणवेशांचा मी अभ्यास करतो हे कळलं की ओळखीचे-अनोळखी सगळे हाच प्रश्न विचारतात. फोटो बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडाकडच्या घरांतले. बऱ्याचदा उत्तर सापडतंही. पण ते कसं शोधायचं हे तुम्हाला कळलं तर जास्त बरं, कारण निम्मा पुरावा तुमच्याच घरात असतो.

आधी एक विनंती. फोटो मोबाइलवर ‘स्वच्छ’ करून, रंग भरून पाठवू नका. एआय चेहरा सुरेख करून देतं, पण खांद्यावरची पुसट पितळी अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, म्हणून तिथे ते मनानं काहीतरी रचतं. मग जो आकडा कधी नव्हताच तो वाचत आपण बसतो. मूळ फोटो, डाग आणि बुरशीसकट, निदान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं गावाचं नाव, पोस्टकार्डाची छपाई, यातलं काहीही कामाचं असतं. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

फोटो हातात आला की आपण सगळे आधी चेहरा बघतो आणि मग डोकं: फेटा आहे, टोपी आहे की हॅट. साहजिक आहे. पण पलटण शोधायची तर नजर खांद्यावर न्या. तिथे शिपायाच्या कुडत्याच्या खांदपट्टीवर पितळेची छोटी अक्षरं किंवा आकडे असतात. बोटाच्या पेरापेक्षा फार मोठे नाहीत, पण अख्ख्या फोटोत सगळ्यात खरं बोलणारी जागा तीच.

या आकड्यांमागे एक हिशेब आहे. १९०३ साली तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड किचनेरनं हिंदी सैन्याच्या पायदळ पलटणींना (गुरखा सोडून) एका ओळीत नवे क्रमांक दिले. जुन्या मुंबई सैन्यातल्या पायदळ पलटणींच्या मूळ क्रमांकात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०, सतरावीची ११७. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणी होत्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. मग १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि या सहांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली, बेळगाव हे तिचं केंद्र झालं. म्हणजे खांद्यावर तीन आकडी क्रमांक दिसला की फोटोतला माणूस १९०३ ते १९२२ या काळातला. पलटण नक्की होण्याआधी काळ नक्की होतो, आणि माझ्या मते शोधाची खरी सुरुवात तिथूनच करावी.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरातून आलेला फोटो सांगतो. खाकी कुडता, फेटा, उजव्या हाताशी रायफल, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. खांद्यावर दोन एकडे स्पष्ट दिसत होते आणि तिसरा आकडा रायफलच्या पट्ट्याखाली झाकलेला. म्हणजे ११० ते ११९ यांतलं काहीही. मराठ्यांपुरतं बघितलं तरी ११०, ११४, ११६, ११७ असे चार पर्याय उरले. भिंगानं यापुढे काही मिळणार नव्हतं. मी घरच्यांना विचारलं, त्यांच्याबद्दल काय ऐकलंय? पणतू म्हणाला, ‘तुर्कांच्या कैदेत होते म्हणतात. वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं.’ ही कूतची गोष्ट. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूत-अल-अमारा इथे सहावी (पूना) डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी अन्न संपल्यावर तिनं शरणागती पत्करली. शिपायांना वाळवंटातून पायी नेलं गेलं. कित्येक वाटेत गेले, उरलेल्यांतले बरेच बगदाद रेल्वेच्या कामावर राबवले गेले. त्या वेढ्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. आपल्या चारांतून ११४ आणि ११६ गळाल्या. उरल्या दोन, ११० आणि ११७. फोटोनं अर्धं सांगितलं, घरात तोंडोतोंडी उतरलेल्या आठवणीनं पाऊण वाटेपर्यंत आणलं. शेवटचा निकाल पदकानं दिला, त्याकडे येतोच.

दुसरा हमखास प्रश्न हुद्द्याचा, आणि इथे मला जरा मन घट्ट करून बोलावं लागतं. ‘आमचे पणजोबा लेफ्टनंट होते, खांद्यावर दोन स्टार आहेत बघा.’ स्टार आहेत, खरं आहे. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांत दोन स्टार म्हणजे लेफ्टनंट, आणि हिंदी सैन्यात दोन स्टार म्हणजे सुभेदारही. एक स्टार जमादार, दोन सुभेदार, मुकुट म्हणजे सुभेदार-मेजर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हिंदी माणसाला पायदळात राजाचं कमिशन, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यासारखं पूर्ण अधिकारीपद, मिळण्याची वाट जवळपास बंदच होती. डॉक्टर हा मोठा अपवाद, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आपली माणसं अधिकारी होती. म्हणून १९१५ च्या फोटोत फेटेवाला मराठा गडी खांद्यावर दोन स्टार लावून बसला असेल, तर तो सुभेदार. नंतरच्या फोटोंत आणखी एक खूण सापडते: स्टारच्या खाली लाल-पिवळी-लाल फीत. कृष्णधवल फोटोत ती नुसती गडद पट्टी दिसते, पण ती असली की प्रश्न मिटला.

हे सांगितलं की समोरचा माणूस हिरमुसतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं. सुभेदार ही काय साधी गोष्ट होती? शिपाई म्हणून भरती व्हायचं, एका फितीचा लान्स नाईक, दोन फितींचा नाईक, तीन फितींचा हवालदार, मग जमादार, आणि त्यातून थोडे सुभेदार. साहेब बदलत राहायचे, पलटणीची नस सुभेदाराला ठाऊक असायची. ऐकीव लेफ्टनंटपेक्षा खरा सुभेदार सांगताना मान जास्त ताठ असावी, असं मला मनापासून वाटतं.

फितींवरून आठवलं. दंडावरच्या इंग्रजी V आकाराच्या फिती हुद्द्याच्या. पण ब्रिटिश सैनिकाच्या मनगटाजवळ, टोक वर केलेल्या फिती दिसल्या तर त्या हुद्द्याच्या नाहीत. डाव्या मनगटावर असतील तर चांगल्या वर्तणुकीच्या. उजव्या मनगटावर बारीक असतील तर परदेशातल्या सेवेच्या, आणि मग फोटो १९१८ च्या आसपासचा. डाव्या बाहीच्या खालच्या भागात पितळेची उभी बारीक काडी असेल तर ती जखमेची खूण, ती १९१६ मध्ये आली. त्याआधीचा तो फोटो असूच शकत नाही.

रंगांबद्दल मात्र सावध राहा. ‘काळा कोट आहे, म्हणजे पोलिसात असतील’ असं मला पुष्कळ जण सांगतात. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल काळपट यायचा, पिवळा-नारिंगी गडद यायचा, निळा उलट फिका पडायचा. मराठा पलटणींचा जुना समारंभी कोट लालभडक होता. फोटोत काळा दिसणारा कोट लाल असण्याची शक्यता मोठी आहे. छातीवरच्या पदकांच्या फितींचंही तेच. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीत मधला पट्टा नारिंगी आणि कडा निळ्या आहेत. जुन्या फोटोत मधला भाग काळवंडलेला आणि कडा फिक्या दिसतात.

फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही बघून घ्या. पदकं स्वतःची असतील तर डाव्या छातीवर असतात. अधिकाऱ्याच्या सॅम ब्राउन पट्ट्याची, म्हणजे कमरेच्या चामडी पट्ट्याची, तिरकी वादी उजव्या खांद्यावरून येते. दोन्ही गोष्टी उलट दिसल्या तर निगेटिव्ह पालथी पडली आहे. बिल्ल्यावरचा मुकुटही काळ सांगतो: व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्ये खाली दबलेल्या असतात, १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल फुगीर. पायांकडे बघितलं तर आणखी एक धागा मिळतो. पायदळाचा शिपाई पायाच्या कापडी पट्ट्या घोट्यापासून वर गुंडाळून गुडघ्याखाली बांधायचा, घोडदळाचा आणि तोफखान्याचा स्वार वरून खाली गुंडाळत घोट्याशी बांधायचा. छातीवर काडतुसांचा तिरका चामडी पट्टा आणि टाचेला काटा असेल तर घोड्याशी संबंध होताच.

आणि मराठा माणूस म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच, हे गृहीत धरू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्करी अभियंत्यांत, मराठे होते, रस्ते-खंदक खोदणाऱ्या पायोनियर पलटणींत होते. उलट मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, आणि त्या घरांतूनही मला फोटो येतात. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये, तिच्या त्या वेळच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. रत्नागिरीकडचा फोटो असेल तर आरमारही लक्षात ठेवा, तिथल्या खलाशांनी रॉयल इंडियन मरीन आणि पुढे रॉयल इंडियन नेव्ही भरलेली होती. बिगुलाचं चिन्ह दिसलं म्हणजे मराठा, हेही खरं नाही. बिगुल सगळ्याच लाइट इन्फंट्रीचं चिन्ह आहे, इंग्लंडातल्यासुद्धा.

दुसऱ्या महायुद्धाचे फोटो ओळखायला सोपे. आखूड, जाड लोकरी जाकीट आणि दंडावर कापडी चिन्ह दिसलं की इटलीचा विचार करा. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड लगेच ओळखू येतो. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये आणि शिपाई नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये, दोघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो इटलीतच. घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला.

आता पदक. त्या साताऱ्याच्या घरात ट्रंकेच्या तळाशी, रुमालात बांधलेलं चांदीचं गोल पदक निघालं. समोर राजाचा चेहरा, मागे घोड्यावरचा योद्धा. घरच्यांनी या दोन बाजूंचे फोटो पाठवले होते. मी म्हटलं, कडेचा पाठवा. नाण्याच्या जाडीएवढ्या त्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण ठोकलेली होती: ११७. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर नाव असं कडेवर असतं, १९१४-१५ च्या ताऱ्यावर मागच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना पदकं बिननावाची दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नाव घातलेलं आहे. म्हणून ट्रंका, देव्हाऱ्याचे खण, जुन्या पत्र्याच्या पेट्या उघडून बघा. आणि पदक सापडलं तर चिंच-मीठ लावून किंवा पावडरीनं अजिबात घासू नका. दर दिवाळीला भांड्यांबरोबर घासून कडा गुळगुळीत झालेली पदकं मी पाहिली आहेत, त्यांतलं नाव परत आणता येत नाही. तिरप्या उजेडात धरा, हळूहळू फिरवा, मोबाइलनं तुकड्या-तुकड्यांनी फोटो काढा.

पणजोबा युद्धातून परतलेच नसतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा. आडनावाचं स्पेलिंग आज आपण करतो तसं मिळणार नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या जाधवांचंही कागदोपत्री ‘जादव’ झालेलं आहे. वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा अशा सगळ्या बाजूंनी शोधा. हाती लागलं तर पलटणीचा आकडा आणि नाव फोटोच्या मागे, मऊ पेन्सिलीनं, कडेला लिहून ठेवा.